एमईईच्या ट्यूबा दर बारा दिवसांनी धरतात? आधी दगड ओळखा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ जायला नको.

एमईई म्हणजे मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर, सांडपाणी एकापाठोपाठ जोडलेल्या भांड्यांत, म्हणजे इफेक्टमध्ये, स्टीमने तापवून आटवणारं यंत्र. ते धुऊन चालू केलं की पहिले चार दिवस मजेत जातात. फीड, म्हणजे आत येणारं सांडपाणी, पूर्ण; स्टीमचा काटा जागेवर. पाचव्या-सहाव्या दिवशी तेवढंच पाणी उडवायला स्टीम जरा जास्त लागते. आठव्या दिवशी ऑपरेटर न विचारता व्हॉल्व्ह आणखी उघडतो. बाराव्या दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, फीड निम्म्यावर आणि सर्क्युलेशन पंपाचा आवाज बदललेला. उघडून बघावं तर पहिल्या इफेक्टच्या ट्यूबांना आतून पांढरा, कडक थर. दुसऱ्या इफेक्टमध्ये कमी, तिसऱ्यात जवळजवळ नाहीच. मग जेटवाल्याला, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ट्यूबा साफ करणाऱ्याला, फोन, दोन दिवस बंद, सांडपाण्याच्या टाक्या काठोकाठ आणि वरून विचारणा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, नावाचं सोडा. तीन इफेक्टचा एमईई, फोर्स्ड सर्क्युलेशन (पाणी ट्यूबांतून पंपाने फिरवायचं), फॉरवर्ड फीड. म्हणजे सांडपाणी आधी सगळ्यात गरम भांड्यात जातं आणि दाट होत होत शेवटी सगळ्यात थंड भांड्यात पोचतं. येणाऱ्या पाण्यात लीटरला ८०-९० ग्रॅम मीठ. हे दुखणं आम्ही दीड वर्ष काढलं. त्यातलं वर्षभर चुकीचं औषध देत काढलं, ते आधी सांगतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पहिला उपाय कुणीही करतो तोच: ॲसिड. हायड्रोक्लोरिक पातळ करून फिरवलं. सुरुवातीला थोडी बुडबुड झाली, म्हणून सगळे खूश. सहा तासांनी उघडलं तर थर जसाच्या तसा, फक्त जास्त पांढरा, जणू आंघोळ घालून बसवलेला. नुकसान मात्र झालं. सेपरेटरच्या (वाफ वेगळी होते त्या भांड्याच्या) वेल्डिंगजवळ टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले. स्टेनलेस स्टीलला गरम क्लोराइड सोसत नाही आणि त्यात ॲसिड म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तुमच्याकडे ३०४ किंवा ३१६ जातीचं स्टील असेल तर हायड्रोक्लोरिकला हातच लावू नका.

दुसरा उपाय पाण्याच्या केमिकलवाल्याने सुचवला. त्याने पाणी तपासलं, लँगेलियर इंडेक्स काढला आणि सांगितलं की पीएच खाली आणा, स्केल म्हणजे क्षारांचा थर बंद. आम्ही सल्फ्युरिक ॲसिडचं डोझिंग लावलं. इंडेक्स कागदावर सुंदर आला. ट्यूबा बारा दिवसांऐवजी नवव्या दिवशी धरल्या.

हा इंडेक्स १९३६ सालचा. तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, पाण्यातून बसेल की नाही. आणि तो बनला शहराच्या नळाच्या पाण्यासाठी, उकळत्या दाट खाऱ्या पाण्यासाठी नव्हे. सल्फेटबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आमचा थर सल्फेटचा होता आणि आम्ही त्याला सल्फ्युरिकमधून आणखी सल्फेट पाजत होतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तिसरा उपाय अँटीस्केलंट बदलण्याचा. तीन बदलले. त्यातलं एक फॉस्फोनेटवालं कूलिंग टॉवरमध्ये छान काम करतं, पण आमच्या पाण्यात कॅल्शियम इतकं होतं की दोन-चार पीपीएम औषध त्याला पुरणार कसं? अँटीस्केलंट खडा बसायला उशीर लावतं, खडा नाहीसा करत नाही. पाण्यात मावतात त्यापेक्षा क्षार थोडेसेच जास्त असतील तर तो उशीर पुरतो. आमच्याकडे ते कितीतरी पट जास्त होते.

खपलीची परीक्षा

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. जेटिंगच्या वेळी पहिल्या इफेक्टच्या मधल्या ट्यूबमधून हाताएवढी खपली सोडवून घेतली आणि लॅबच्या टेबलावर ठेवली. ट्यूबच्या बाजूचा भाग गुळगुळीत, दाताच्या इनॅमलसारखा. पाण्याच्या बाजूचा खरखरीत, बारीक सुया उभ्या राहिल्यासारखा. मोडल्यावर कडेला झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसली. मोजली. प्रत्येक पट्टा म्हणजे एक शटडाऊन असावा असा आमचा अंदाज. याचा अर्थ जेटिंगने सगळा थर कधीच निघत नव्हता, तळाचा राहायचा आणि नवा त्यावर चढायचा. जुना थर नव्याला बी पुरवतो.

परीक्षा सोपी आहे, वजनकाटा आणि चार बीकर लागतात. दहा ग्रॅम खपली कुटून घ्या. आधी कोमट डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, गाळा, वाळवा, वजन करा. जे गेलं ते मीठ किंवा सोडियम सल्फेट. मग उरलेल्यावर पातळ हायड्रोक्लोरिक थेंब थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. न फसफसता दुधाळ होऊन पटकन विरघळलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा संशय घ्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. ढिम्म राहिलं तर सल्फेट किंवा सिलिका. तेच ॲसिड गरम करून, गाळून त्यात बेरियम क्लोराइड टाका. पांढरा दाट साका आला तर सल्फेट पक्कं. शेवटी काहीही करून न विरघळणारी बारीक वाळू उरली तर सिलिका. चव घेऊन मीठ ओळखणारे आमच्याकडे एक आहेत. सांडपाण्याच्या खपलीवर हा प्रयोग नको.

आमच्या दहा ग्रॅममधले सव्वा ग्रॅम पाण्यात गेले, जेमतेम अर्धा ग्रॅम फसफसला. ॲसिडच्या पहिल्या बुडबुड्यांनी आम्हाला फसवलं ते याच अर्ध्या ग्रॅमनं. बाकी सगळं कॅल्शियम सल्फेट.

कॅल्शियम सल्फेट म्हणजे चिरोडी. जिप्सम. प्लास्टर ऑफ पॅरिस होतं ते याचंच. नखाने ओरखडा उठतो तेव्हा ती जिप्सम असते, दोन रेणू पाणी धरून बसलेली. आमची खपली नखाला दाद देत नव्हती. परीक्षानळीत तापवली तर नळीच्या तोंडाशी दव जमेल इतकंही पाणी निघालं नाही. म्हणजे पाणी नसलेलं रूप, ॲनहायड्राइट. गरम भांड्यात हेच अपेक्षित.

मामांचं मिठागर आणि आमचं भांडं

माझे मामा पेण तालुक्यात मिठागरावर होते. लहानपणी सुट्टीत गेलो की वाफ्यांतून फिरायचो. भरतीचं पाणी आत घेतलं की ते एकदम मिठाच्या वाफ्यात जात नाही. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातं आणि उन्हाने दाट होत जातं. मधल्या वाफ्यांच्या तळाला पांढरी पापडी धरायची. मी ती मीठ समजून गोळा केली होती. मामा हसले आणि म्हणाले, हे खाऊन दात पाडून घेशील. ती चिरोडी.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आटवत गेलं की सगळ्यात आधी थोडी चुनखडी खाली बसते. पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरलं की चिरोडी. आणि दहाव्या हिश्श्याला आलं की मग मीठ. भूमध्य समुद्राचं पाणी आटवून हा क्रम १८४९ साली उसिग्लिओ या शास्त्रज्ञाने मांडला होता. मिठागरवाले बोमे काट्यावर, म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजायच्या काट्यावर, सांगतात: तेराच्या पुढे चिरोडी, पंचवीसच्या पुढे मीठ, आणि तीसच्या आत उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं, नाहीतर मॅग्नेशियमने मीठ ओलं आणि कडू होतं.

मिठागरात पाणी सगळीकडे साधारण सारखंच गरम असतं. चिरोडी पडते ती पाणी दाट झालं म्हणून, आणि पडते तळाला, जिथून कुणाला त्रास नाही. आमच्या भांड्यात उलटं. पाणी सगळ्यात पातळ असतं त्या पहिल्या इफेक्टमध्येच थर. नवीन पोरांना हे पटत नाही. शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं की गरम पाण्यात जास्त विरघळतं. साखर विरघळते, सोरा विरघळतो. मीठसुद्धा थोडं जास्त: १०० ग्रॅम पाण्यात २५ अंशांना ३६ ग्रॅम, १०० अंशांना ३९.

चिरोडी या शाळेत गेलेली नाही. साध्या पाण्यात ती २५ अंशांना लीटरला २ ग्रॅमच्या किंचित वर विरघळते, चाळीसच्या आसपास कमाल गाठते आणि मग उतरायला लागते. उकळत्या पाण्यात ॲनहायड्राइट लीटरला पाऊण ग्रॅमही राहत नाही. त्यामुळे ती बसते जिथे सगळ्यात गरम आहे तिथे. आणि भांड्यात सगळ्यात गरम जागा म्हणजे पाणी नव्हे, ट्यूबची भिंत. पलीकडून स्टीम लागलेली ती भिंत पाण्यापेक्षा गरम असते. म्हणून थर पाण्यात तरंगत न बसता नेमका तिथेच धरतो जिथे नको. ऑपरेटर स्टीम वाढवतो तेव्हा भिंत आणखी तापते आणि थर आणखी वेगाने चढतो. आठव्या दिवसाचा तो व्हॉल्व्ह आम्हीच उघडत होतो.

मीठ चिरोडीला पोटात घेतं

हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. फीडचा नमुना लॅबमध्ये काचेसारखा स्वच्छ असायचा. आठवडाभर बाटलीत ठेवला तरी तळाला काही नाही. त्यात कॅल्शियम लीटरला दीड ग्रॅम, सल्फेट चार ग्रॅम. हिशेब केला तर लीटरमागे पाच ग्रॅम कॅल्शियम सल्फेट विरघळलेलं. साध्या पाण्यात दोन ग्रॅमच्या वर टिकत नाही, मग हे पाच ग्रॅम राहतंच कसं?

मिठामुळे. पाण्यात सोडियम आणि क्लोराइडची गर्दी असली की कॅल्शियम आणि सल्फेटला एकमेकांना गाठणं अवघड जातं. जत्रेत हात सुटलेल्या माणसांसारखं. खारं पाणी चिरोडीला साध्या पाण्यापेक्षा तीन-साडेतीनपट जास्त धरतं. एक किलो पाण्यात दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मीठ असताना हे प्रमाण सगळ्यात जास्त, सात ग्रॅमच्या वर. त्याहून मीठ वाढलं की पुन्हा हळूहळू उतरतं, कारण मग मिठालाच पाणी पुरेनासं होतं. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत मार्शल आणि स्लशर यांनी १९६० च्या दशकात शून्यापासून ते पार उकळत्या पाण्याच्या पुढेपर्यंत, वेगवेगळ्या खारटपणाला हे मोजून ठेवलं आहे. आजही हिशेबाला तेच आकडे धरतात.

आमच्या क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, चिरोडी खाली बसायला हवी होती. मिठाने ती लपवून पुढे पाठवली आणि गरम ट्यूबपाशी नेऊन सोडली. थंडीत पाच ग्रॅम निवांत बसलेले, शंभर अंशांना त्यातले निम्म्याहून जास्त बेघर.

आणखी एक गंमत. चिरोडीचं जिप्सम रूप सोडून ॲनहायड्राइट व्हायला साध्या पाण्यात चाळीसच्या वर तापमान लागतं. खारं पाणी जितकं दाट, तितकं हे तापमान खाली येतं. मीठ पाण्याची हाव धरतं, जिप्समच्या अंगातलं पाणीसुद्धा ओढून घेतं असं समजा.

थोडा हिशेब करून बघा. तासाला ४ घनमीटर फीड, बारा दिवसांत अकराशे पन्नास घनमीटर. लीटरमागे ३ ग्रॅम बाहेर पडायला मोकळे, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन. पहिल्या इफेक्टचं ट्यूबचं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर थर म्हणजे दीडशे किलो. साडेतीन टनातले शंभराला साडेचार किलो भिंतीला चिकटले तरी एक मिलिमीटर झाला! बाकी सगळं गाळ होऊन पुढे गेलं तरी काम बिघडलंच. आणि एक मिलिमीटर काय करतो? स्वच्छ ट्यूबचा हीट ट्रान्स्फर कोइफिशंट, म्हणजे भिंतीतून उष्णता किती जाते त्याचं माप, १५०० धरला तर तेवढ्या थराने तो ७०० वर येतो. मशीन निम्मं.

कॅल्शियम आणि सल्फेट आलं कुठून

आमच्या भागातल्या विहिरी जांभ्यातल्या. पाणी मऊ, साबणाला मस्त फेस येतो. नदीचं पाणीही कठीण नाही. मग दीड ग्रॅम कॅल्शियम? पाईप धरून उलटं चालत गेलो. कारखान्यातून दोन प्रकारचं पाणी येतं. एक आम्लधर्मी, ते शांत करायला एका टाकीत चुना पडायचा, कारण चुना स्वस्त. दुसरं अल्कली, त्याला दुसऱ्या टाकीत सल्फ्युरिक, कारण तेही स्वस्त. मग दोन्ही इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सगळं पाणी एकत्र होतं तिथे. एका टाकीतून कॅल्शियमची वरात, दुसऱ्या टाकीतून सल्फेटची, आणि लग्न आमच्या इक्वलायझेशनमध्ये. हुंडा ट्यूबांनी दिला.

आमचे जुने ऑपरेटर तात्या हे ऐकून एवढंच म्हणाले, ‘साहेब, मग ती दोन्ही पाणी आधीच एकत्र का नाही सोडायची?’ वर्षभरात हे कुणालाच सुचलं नव्हतं. आम्लधर्मी आणि अल्कली पाणी एकमेकांवर सोडलं तर दोन्ही आपोआप बरीचशी शांत होतात. उरलेलं थोडं कॉस्टिक सोड्याने किंवा पातळ हायड्रोक्लोरिकने सुधारायचं, तेही टाकीत, भांड्यात नव्हे. पण आधी लॅबमध्ये वायू ओढून घेणाऱ्या हुडखाली थोडं थोडं मिसळून बघा. एखाद्या पाण्यात सल्फाइड किंवा सायनाइड असेल आणि त्यावर ॲसिड गेलं तर जो वायू निघतो तो माणूस आडवा करतो. आमच्याकडे तपासून खात्री केली, मगच पाईप जोडला. चुना जवळजवळ बंद झाला, सल्फ्युरिक पूर्ण बंद. कॉस्टिक महाग म्हणून स्टोअरमधून कुरकुर झाली. दोन महिन्यांचं जेटिंगचं बिल समोर ठेवलं, कुरकुर थांबली.

जुना थर काढायचा कसा

ॲसिडने सल्फेट जात नाही. आधी त्याचं कार्बोनेट करावं लागतं. सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) आठ टक्के, ८५ अंश, सर्क्युलेशन पंप पूर्ण वेगाने, रात्रभर. कॅल्शियमला सल्फेटपेक्षा कार्बोनेट जास्त घट्ट आवडतं, त्यामुळे थर जागच्या जागी चुनखडी होत जातो आणि सल्फेट पाण्यात मोकळं होतं. दर दोन तासांनी फिरत्या पाण्यातलं सल्फेट मोजा. वाढायचं थांबलं की समजा, पृष्ठभागावरचं काम संपलं. पाणी सोडा, कोमट पाण्याने धुवा, आणि मगच ॲसिड.

आम्ही सल्फॅमिक वापरलं, पाच टक्के. ५० अंशांच्या पुढे नेऊ नका. जास्त तापलं की सल्फॅमिक स्वतःच मोडतं आणि सल्फेट देतं. म्हणजे काढायला गेलेला पाहुणा घरातच मुक्कामाला. या वेळी खरी फसफस होते, कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो, व्हेंट उघडा ठेवा आणि लगेच माणूस आत पाठवू नका. परमिट आणि गॅस टेस्ट झाल्याशिवाय मॅनहोलला हात नाही.

एका फेरीत सगळं निघत नाही. वरचा थर चुनखडी झाला की तो खालच्या सल्फेटला झाकतो. सोडा, ॲसिड, पुन्हा सोडा, पुन्हा ॲसिड. आम्हाला तीन फेऱ्या लागल्या. आणि ज्या ट्यूबा पूर्ण बुजल्या आहेत, त्यांतून काहीच फिरत नाही, तिथे आधी जेट किंवा ड्रिल लागतंच.

पुन्हा धरू नये म्हणून

पाणी सुधारलं तरी थोडी चिरोडी येणारच. ती भिंतीऐवजी दुसरीकडे बसवायची. युक्ती दह्याच्या विरजणासारखी. शेवटच्या सेटलरमधला बारीक चिरोडीचा गाळ सगळा फेकायचा नाही, टक्का-दोन टक्के फिरत्या पाण्यात ठेवायचा. नव्या खड्याला तयार बी मिळालं की तो त्यावर वाढतो. कोट्यवधी बारीक कणांचं मिळून क्षेत्रफळ ट्यूबच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त होतं. दर शटडाऊनला सगळं झाडून चकाचक करणारे आमच्यासारखे लोक हे बी दर वेळी गटारात घालत होते.

बाकी दोन गोष्टी. पाणी ट्यूबच्या आत उकळू देऊ नका. सेपरेटरची लेव्हल ट्यूबच्या बरीच वर ठेवली की वरच्या पाण्याच्या दाबाने उकळी वरच होते, ट्यूबमध्ये फक्त तापतं. आमची लेव्हल एक ट्रान्समीटर चुकीचा दाखवत असल्याने वर्षभर खाली होती. आणि पंपाचा वेग कमी होऊ देऊ नका, कारण पाणी संथ झालं की भिंतीजवळचं पाणी जास्त तापतं. बेल्ट, इंपेलर, स्ट्रेनर बघत राहा.

तुमच्याकडे थर पहिल्या इफेक्टमध्ये नसून शेवटच्या, थंड इफेक्टमध्ये असेल तर वरचं बरंच लागू नाही. तिथे बहुधा मीठच असतं, तासभर साधं गरम पाणी फिरवलं की जातं. सोडियम सल्फेट जास्त असेल तर सावध. ३२.४ अंशांपर्यंत तेही गरम केलं की जास्त विरघळतं, त्यापुढे मात्र चिरोडीसारखंच वागतं: १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ५० ग्रॅमवरून उकळत्या पाण्यात सव्वाबेचाळीसच्या आसपास. ते गरम भिंतीवर बसतं, पण पाण्याने धुतलं जातं, एवढीच सोय. सिलिकाची गोष्ट पूर्ण उलटी. ती गरम पाण्यात जास्त विरघळते आणि थंड जागी काचेसारखी बसते. म्हणूनच तुरळ, राजवाडी, उन्हवरेसारख्या उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, पाण्यातली सिलिका मोजून खाली जमिनीत ते किती तापलं असेल याचा अंदाज भूवैज्ञानिक बांधतात.

मे महिन्यात पुन्हा तेच, पण तेच नव्हे

बदलानंतर भांडं सत्तेचाळीस दिवस चाललं. आम्ही पेढे वाटले. पुढच्या मेमध्ये अठराव्या दिवशी पुन्हा फीड निम्म्यावर! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चुना पुन्हा सुरू केला का कुणी, पहिला संशय तोच. नव्हता.

उघडलं तर थर पांढराच, पण मऊ, ओल्या चुन्यासारखा, बोटाने पुसला जाणारा. ॲसिड टाकलं तर एकही बुडबुडा न येता विरघळला. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. मग पुन्हा पाईप धरून उलटं. मेमध्ये पाणी कमी पडलं म्हणून स्क्रबरला (वायू पाण्याने धुणाऱ्या यंत्राला) टँकरचं पाणी सुरू झालं होतं, आणि तो टँकर खाडीजवळच्या बोअरवेलवर भरत होता. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खाडीचं खारं पाणी आत शिरतं. समुद्राच्या किलोभर पाण्यात कॅल्शियम ०.४ ग्रॅम, पण मॅग्नेशियम १.३ ग्रॅम. आधी चुन्याने पीएच वर जायचा तेव्हा मॅग्नेशियम क्लॅरिफायरमध्येच बसायचं, कुणाला कळायचंही नाही. आता कॉस्टिकने नऊपर्यंत नेऊन सोडत होतो, तेवढ्याने ते थंडीत पडत नाही, आणि गरम ट्यूबमध्ये मात्र पडतं. त्यात खाऱ्या पाण्यातला बायकार्बोनेट तापून मोडतो आणि पीएच आणखी चढवतो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवाल्यांना हे पाठ असतं: ऐंशी अंशांपर्यंत चुनखडी, त्याच्या वर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. आमच्याच उपायाने हे दार उघडलं होतं.

पीएच सातवर आणला, थर पातळ सल्फॅमिकने दोन तासांत गेला, सोडा ॲशची गरजच पडली नाही. टँकर बंद करणं शक्य नव्हतं, मेमध्ये आमच्या भागात टँकरला नाही म्हणायची हिंमत कुणाची? म्हणून आता गेटवरच पाणी अडवतो. लॅबचा पोरगा बाटली भरून नेतो, कंडक्टिव्हिटी बघतो, हार्डनेसचं टायट्रेशन करतो आणि दुसऱ्या नळीत बेरियम क्लोराइडचे चार थेंब टाकतो. ड्रायव्हरचा चहा संपेपर्यंत निकाल येतो. गेल्या आठवड्यात दोन टँकर परत गेले. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, पाणी तर स्वच्छ दिसतंय की! पोराने त्याला दुधासारखी झालेली परीक्षानळी दाखवली आणि गेट उघडलं नाही.